थोरलीचं आजारपण

अळ्या चौथ्यांदा कात टाकून उठल्या, त्याच सकाळी थोरली उठली नाही.

तिचा नवरा गवंडी होता. अंघोळ उरकून, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून तो कामावर निघायच्या बेतात होता. चहाचं भांडं ओट्यावर पालथंच दिसलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आतल्या खोलीत डोकावून पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. डोळे उघडे.

"अगं, पाला आणायचा ना?"

"हो."

"मग?"

"उठते."

तो अंगणात थांबला. ऊन भिंतीवरून उतरत पायरीपर्यंत आलं, तरी ती बाहेर आली नाही. तो परत आत गेला आणि दारातच उभा राहिला. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"पुन्हा तेच का?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली की नाही, हे त्याला नीट दिसलं नाही.

हे तिसऱ्यांदा होतं. पहिल्यांदा मुलगी झाली तेव्हा. लोक म्हणाले, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल. दुसऱ्यांदा मुलगी शाळेत जायला लागल्यावर, काही कारण नसताना. ते चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत तिनं स्वयंपाक केला, धुणी धुतली आणि उरलेला सगळा वेळ या भिंतीकडे बघत काढला. मग एक दिवस अंथरूण झटकून उन्हात टाकलं आणि काहीतरी गुन्हा केल्यासारखी घरभर राबायला लागली. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आता मुलगी शिकायला लांबच्या शहरात गेली होती, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं.

भिंतीपलीकडे शेड होती. पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना जाळ्या, आणि आत तीन मजली लाकडी मांडण्यांवर चाळीस हजार रेशमाच्या अळ्या. गेले वीस दिवस थोरलीनंच त्या वाढवल्या होत्या. आधी कोवळा पाला बारीक चिरून, मग पानंच्या पानं, आता तुतीच्या अख्ख्या फांद्या. चौथी कात टाकून उठलेली अळी आठवडाभर नुसती खाते, आणि त्या आठवड्यात जे पोटात जाईल त्याचाच कोष होतो. खायला लागल्या की भिंतीतूनही आवाज यायचा, कुणीतरी कागद चुरगळत बसल्यासारखा. आज तिकडून काही ऐकू येत नव्हतं. चाळीस हजार तोंडं उपाशी वाट बघत होती आणि थोरलीला ते पडल्या जागी कळत होतं. पाय जमिनीला लावायचा, एवढंच काम. ती त्या पायाला सांगत होती. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडून होता.

शेवटी गवंडीच विळा घेऊन शेतात गेला. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, रस्त्याची धूळ तुतीवर थर धरून बसलेली. त्यानं भारा कापून आणला, धूळ बघितली आणि चांगलं म्हणून फांद्या हौदात बुडवून स्वच्छ धुतल्या. ओल्या फांद्या तशाच मांडणीवर टाकल्या. अळ्यांना ओला पाला चालत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. थोरलीला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही आणि भिंतीला कान असूनही तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाराकडची मांडणी गेली. अळ्या पिवळ्या पडून, मऊ होऊन, पाल्याला चिकटून लोंबायला लागल्या. गवंडीनं त्या टोपलीत भरल्या आणि बांधाला खड्डा खणून पुरल्या. परत येऊन तो थोरलीच्या पायाशी बसला. हाताला वास येत होता. तिनं तो ओळखला.

"एक मांडणी गेली," तो म्हणाला. "माझ्याच हातानं."

"माझ्यामुळे," ती म्हणाली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं बोलणं होतं.

दुपारी काकू आली. काकूचं घर याच गल्लीत, चार दारं सोडून. ती काठी टेकत आतल्या खोलीपर्यंत आली, अंथरुणावर नजर टाकली आणि उभ्यानंच म्हणाली, "अळ्यासुद्धा चारदा झोपतात नि चारदा उठतात. हिचं काय ते कळत नाही."

गवंडी म्हणाला, "तिला बरं नाही."

"बरं नसायला ताप हवा. हात लावून बघितलास?"

थोरली उठून बसली. काकू समोर असली की ती आपोआप उठून बसायची. तिनं पदर सारखा केला, केस मागे घेतले. काकूनं "हं" केलं आणि गेली. तिची काठी गल्लीत दूर गेल्यावर थोरली परत आडवी झाली, आणि या वेळी तिनं चादर तोंडावरून घेतली.

या काकूच्याच हाताखाली ती वाढली होती. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, भाऊ चार. वडील त्याआधीच गेलेले. धाकट्याला मावशीनं नेलं, थोरली काकांकडे राहिली. थोरली हे नाव तेव्हापासूनचं. धाकटा कुठे आहे, असं कुणी विचारत नसे, पण तिला मात्र सगळे थोरलीच म्हणायचे.

काकूनं तिला कधी मारलं नाही. ताटात कमी वाढलं नाही. स्वतःच्या मुलांना घेतले तसेच कपडे तिलाही घेतले. सहा म्हशी, चार मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू, एवढ्या पसाऱ्यात काकूला एकच गोष्ट नको असायची. घरात रडणं. "बाहेर उभी राहा. आवरलं की आत ये." आवाज न चढवता ती सांगायची. थोरली गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. आवरलं की आत यायची. पहिल्या वर्षी ती बरेचदा बाहेर गेली, दुसऱ्या वर्षी कमी, आणि अकराव्या वर्षापासून तिला बाहेर जावं लागलंच नाही. काकू शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरगी अगदी शहाणी. कळूच देत नाही घरात आहे ते."

त्यामुळे थोरलीकडे तक्रार करायला काही नव्हतंच. कुणी विचारलं असतं की लहानपणी काय कमी पडलं, तर तिला सांगता आलं नसतं.

गवंडीनं त्या संध्याकाळी तिच्या भावाला फोन केला. त्याचं स्वतःचं एका मोठ्या बांधकामावर भिंती चढवायचं काम चाललं होतं. ते सोडलं असतं तर दुसरा गवंडी लगेच उभा राहिला असता. तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत होता, तरी थोरलीला ऐकू आलं. "नाही, भांडण नाही झालं. नाही, मी काही बोललो नाही. नुसती पडून आहे. तू येतोस का?"

धाकटा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आला. तो वायरमन होता. खांबावर चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या, आणि बोलणं असं की बसमधल्या कंडक्टरशीही ओळख काढून आलेला. त्यानं खांद्यावरची पिशवी ठेवली, थोरलीजवळ जमिनीवर बसला आणि काही न विचारता तिचा हात हातात घेतला. तिनं तो थोड्या वेळानं सोडवून घेतला.

"ताई, किती दिवस झाले?"

"चार."

"पडून चार. आधीपासून किती?"

ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "अळ्यांना पाला सुका घालायचा. धुवायचा नाही. धूळ असली तर झटकायचा."

"बरं. आणखी?"

"चुन्याची भुकटी भुरभुरायला हवी, ओल धरू नये म्हणून. आणि बारदान ओलं करून खिडक्यांना लाव. उकडतंय त्यांना."

तो उठला. दिवसभर ती भिंतीपलीकडून त्याचे आवाज ऐकत होती. त्यानं भारा आडवा घालून दार अडवलं, मग स्वतःलाच शिव्या घातल्या. फांद्या सगळ्या एकाच बाजूनं टाकल्या, एकीचा देठ तर दुसरीचा शेंडा असं आलटून पालटून घालायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. अळ्यांशी तो बोलतही होता. "जेवा, पोरींनो, जेवा. तुमची मालकीण आज रजेवर आहे." संध्याकाळपर्यंत कागद चुरगळल्याचा आवाज भिंतीतून पुन्हा यायला लागला. थोरलीनं डोळे मिटले. तिला बरं वाटलं असं नाही, पण कान तरी मोकळे झाले.

सहाव्या दिवशी त्यानं तिला मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती नको म्हणाली. तो म्हणाला, "मलाही नेलं होतं. मावशीनं कानाला धरून नेलं होतं. मी तुझ्या कानाला हात लावणार नाही, पण चल."

पाच वर्षांपूर्वी खांबावर त्याचा सोबती विजेच्या धक्क्यानं गेला होता, त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर धाकटाही असाच आडवा झाला होता. थोरलीला ते नंतर कळलं होतं, तो बरा झाल्यावर.

दवाखान्यात नंबर पुकारणारा माणूस ओरडून म्हणाला, "मनाचे पेशंट पलीकडच्या बाकावर." थोरली उठून पलीकडच्या बाकावर जाईपर्यंत सगळ्या व्हरांड्यानं तिला पाहून घेतलं. त्यांच्याच गल्लीतली शिंपीण नातवाला घेऊन आली होती. तिनं आधी ओळख दाखवली, मग बाक बघून नातवाचे बूट नीट करायला लागली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. झोप, भूक, वजन असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"जगू नये असं वाटतं?"

थोरलीनं भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी बाहेर जाऊ का?" तिनं नको अशी मान केली.

"पाला कापायला जाते तेव्हा विहिरीकडून जात नाही मी," ती म्हणाली. "बांधावरून लांबून जाते. वेळ जातो त्यात."

"केव्हापासून लांबून जाता?"

"दोन महिने झाले."

धाकट्याच्या हातातला दवाखान्याचा कागद चुरगळला. त्यानं तो मांडीवर ठेवून पुन्हा सपाट केला.

"घरात कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"लहानपणी आजारी पडलात, तर जवळ कोण बसायचं?"

थोरलीनं बराच विचार केला. तिला खरंच आठवत नव्हतं. "जवळ बसावं लागेल इतकी मी कधी आजारी पडलेच नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं नाही. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सावकाश सांगितलं की गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत, आठवड्यानं दाखवायला यायचं, आणि तोवर शेतात एकटीनं जायचं नाही.

धाकटा म्हणाला, "मी तीन महिन्यांत उभा राहिलो होतो, बाई."

"यांना जास्त लागतील. तुम्हाला बरं वाटेनासं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"सगळ्यांना सांगत सुटलो. दूधवाल्यालासुद्धा."

"या कुणालाच सांगत नाहीत. लपवलं की लांबतं, आणि परत परत येतं." त्या थोरलीकडे वळल्या. "तुम्ही हे मुद्दाम करत नाही. तुम्हाला लहानपणी तसंच शिकवलंय. पण आता विहीर लांब ठेवायला एकट्या तुम्ही पुऱ्या पडणार नाही. कळलं ना?"

थोरली 'हो' म्हणाली. तिला 'हो' म्हणायची सवय होती.

घरी आल्यावर धाकट्यानं गवंडीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गवंडीनं दुसऱ्याच सकाळी ओळखीच्या सुताराला बोलावून विहिरीवर फळ्यांचं झाकण ठोकून घेतलं. थोरलीला तो काही बोलला नाही. फक्त ठोकण्याचा आवाज शेतावरून घरापर्यंत आला.

त्या दिवशी ती शेडमध्ये जाऊन बसली. काम करवत नव्हतं, पण धाकट्यानं तिच्यासाठी स्टूल टाकलं होतं. अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या, पांढऱ्या, गार. तो फांद्या पसरत होता आणि बोलत होता.

"मला झालं होतं तेव्हा मी मावशीला म्हटलं, तू माझ्याजवळ बस, मला एकट्याला भीती वाटते. दीड महिना बसली बिचारी. भाजी निवडायची ती माझ्या पलंगावर, रेडिओ लावायची माझ्या पलंगावर. बायको म्हणाली, आता तुमच्यात मला जागा कुठली." तो हसला. "तीस वर्षांचा बाप्या मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचो. ती काय म्हणायची माहीत आहे? म्हणायची, रड, पण नाक माझ्या पातळाला पुसू नकोस."

थोरली हसली नाही.

"तुला मागता आलं," ती म्हणाली.

"मागायचं काय त्यात? तोंड उघडलं."

"तेच म्हणते मी."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं हातातली फांदी खाली ठेवली.

"तुला कधी सांगितलं नाही," थोरली म्हणाली. तिची नजर अळ्यांवरच होती. "आई गेल्यावर मावशी आली होती. आत काकांशी बोलत होती. मी तुला कडेवर घेऊन दाराबाहेर होते. ती म्हणाली, घरचे एकालाच आण म्हणतात, कुणाला नेऊ ते सांगा. सगळे गप्प. मग मी आत गेले आणि म्हटलं, ह्याला न्या. मी इथे कामाला येईन, हा येणार नाही."

धाकट्यानं हातावरचा पाला झटकला आणि तो जवळ आला.

"सगळे म्हणाले, केवढी शहाणी पोर. काकूनं जवळ घेतलं मला त्या दिवशी. एकदाच." तिनं मांडणीच्या कडेवर चढलेली एक अळी उचलून आत ठेवली. "शहाणी म्हटलं ना सगळ्यांनी, मग शहाणीच राहावं लागलं. आणि तू आलास की तुझ्या तोंडून मावशी, मावशी ऐकते. बरं वाटतं मला, खरंच वाटतं. पण आत कुठेतरी जळतंही. भावाबद्दल असं वाटतं, म्हणजे काय बाई म्हणायची मी."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला बोलायचं होतं. नेहमी त्याला काहीतरी सुचायचंच. मग तो "पाणी आणतो" म्हणाला आणि बाहेर गेला. तिला वाटलं, आपण बोलायला नको होतं. त्याच्या डोक्यावर उगाच भार टाकला. रात्री जेवतानाही तो तिच्या ताटाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही.

आठव्या दिवशी सकाळी अळ्या पिकल्या. पिकलेली अळी खाणं सोडते, अंग काचेसारखं पिवळसर पारदर्शक होतं आणि मान वर करून ती आधार शोधत डोलते. तेव्हा प्रत्येक अळी हातानं वेचून जाळीच्या चौकटीवर सोडावी लागते, आणि सगळं दिवसभरात उरकावं लागतं. नाहीतर ती पाल्यातच धागा उधळून टाकते. घरात जेवढे हात असतील तेवढे कमीच. गवंडीनं खाडा केला. आणि नऊच्या बसनं मावशी आली.

धाकट्यानं तिला फोन केला होता, हे थोरलीला माहीत नव्हतं. मावशी सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी गेलेली, बसच्या पायऱ्या चढायला दोन माणसं लागणारी. ती शेडमध्ये आली, ताट मागून घेतलं, स्टुलावर बसली आणि विचारलं, "पिवळ्या तेवढ्या उचलायच्या ना?"

"हो," थोरली म्हणाली. "हळू. दाबायच्या नाहीत."

चौघं वेचत राहिली. थोरलीची बोटं सवयीनं चालत होती, एवढंच. दुपारी गवंडी आणि धाकटा भरलेल्या चौकटी सावलीत नेऊन ठेवायला गेले, तेव्हा शेडमध्ये दोघीच उरल्या.

मावशीनं हातातलं ताट मांडीवर ठेवलं.

"ह्यानं सांगितलं मला, तू काय म्हणालीस ते."

"तुला कशाला सांगत बसला तो."

"ऐक. घरचे एकालाच आण म्हणतात, असं मी म्हटलं होतं. ते खोटं होतं. तुझ्या मावसोबांनी काहीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, तुझ्या बहिणीची मुलं, तू बघ." तिनं ताट सारखं केलं. "मला मूल नव्हतं. लहान पोर लळा लावून घेतं. नऊ वर्षांची पोरगी आईला विसरणार नाही, हे मला दिसत होतं. मला पोर हवं होतं, थोरले, पण आईची आठवण काढत बसणारी पोर घरात नको होती. तू स्वतःहून आत आलीस आणि माझं काम सोपं केलंस. नऊ वर्षांच्या पोरीचं मी ऐकलं, कारण मला सोयीचं होतं."

थोरली अळ्या वेचत राहिली. एक, दोन, पाच, दहा. तिच्या ताटात जागा उरली नाही तरी ती टाकत राहिली, आणि अळ्या काठावरून खाली पडायला लागल्या. मावशीनं वाकून त्या उचलायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"मी दर वर्षी वाट बघायचे," थोरली म्हणाली. "वाटायचं, पुढच्या वर्षी नेशील."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"दिसायचं ना. मी आले की तू पिशवी भरून ठेवायचीस. कोपऱ्यात असायची. मी बघितलं नाही असं करायचे."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. थोरलीनं ताट मांडणीवर ठेवलं.

"मला तुझा राग येतोय, मावशी."

"येऊ दे."

"आजच्यापुरता नाही. खूप येतोय."

"मी राहायलाच आले आहे. घाई नाही. ओरडायचं तर ओरड."

"मला ओरडता येत नाही."

"मग नुसती रागाव. आणि तेवढ्यात ह्या खाली पडलेल्या उचल, माझ्या पायाखाली येतील."

थोरली खाली बसली आणि अळ्या उचलायला लागली. उचलता उचलता तिचं रडू सुरू झालं. ते काही मोठं नव्हतं, आवाजही नव्हता. नाकातून पाणी यावं तसं येत होतं आणि थांबत नव्हतं. गवंडी रिकाम्या चौकटी घेऊन दाराशी आला, आतलं बघून तसाच मागे फिरला आणि बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोरलीनं तो झटकला. मावशीनं परत ठेवला नाही. ती नुसती तिथे बसून राहिली, पाय सुजेपर्यंत.

संध्याकाळपर्यंत जेवढ्या वेचायच्या तेवढ्या वेचून झाल्या. पाच-सहा दिवसांनी कोष काढले, ते नेहमीच्या निम्मेही भरले नाहीत. बरेच पातळ होते. थोरलीनं एक कोष बोटांनी दाबून पाहिला आणि टोपलीत टाकला. गवंडी म्हणाला, "चालायचंच." त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं, पण त्यानं ते तीनदा म्हटलं.

धाकटा कोष काढायच्या आधीच रजा संपली म्हणून गेला. मावशी आणखी नऊ दिवस राहिली. थोरली तिच्याशी दोन दिवस बोलली, तीन दिवस बोलली नाही, मग पुन्हा बोलली. मावशी रोज तिच्या अंथरुणाशेजारी खुर्ची टाकून बसायची. काकू एकदा आली आणि दारातूनच मावशीला बघून परत गेली. गोळ्यांनी थोरलीचं तोंड कोरडं पडायचं, झोप मात्र लागायची. आठवड्यानं ती दवाखान्यात गेली, त्याच बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी शेतात जायची परवानगी दिली नाही.

मावशी गेली त्या दिवशी घर फार मोठं वाटलं. रिकामी शेड गवंडीनं चुन्यानं धुऊन काढली. पुढच्या खेपेच्या अळ्यांच्या अंड्यांसाठी रेशीम केंद्रावरचा माणूस विचारायला आला, तर थोरलीनं सांगितलं, "यंदा नको. मला बरं नाही." तो म्हणाला, "काय झालंय?" ती म्हणाली, "मनाचं." त्यानं वही बंद केली, पावसाबद्दल काहीतरी बोलला आणि गेला.

चांगले दिवस यायला लागले होते. एखाद्या दिवशी ती गवंडीसाठी डबा भरायची, अंगण झाडायची, मुलीला फोनवर खरं सांगायची, "आज पडूनच होते." मुलगी पलीकडून रडायची आणि मग तिलाच धीर द्यावा लागायचा. पण त्यामागून वाईट दिवस यायचे, काही न सांगता. अशाच एका सकाळी, गवंडी कामावर गेल्यावर, तिला जाग आली आणि छातीवर कुणीतरी वाळूचं पोतं ठेवल्यासारखं झालं. भिंत समोर होती. पलीकडे शेड रिकामी. तिनं फोन उचलला, भावाचा नंबर लावला, आणि त्यानं "ताई?" म्हटल्यावर तिला एक शब्दही आला नाही.

"ताई? बरं नाही का?"

ती श्वास घेत राहिली. त्याला तेवढं ऐकू गेलं.

"बरं. बोलू नकोस. फोन चालू ठेव. मी चहा टाकतोय, इथेच आहे."

फोन कशाला तरी टेकवून ठेवल्याचा खट् आवाज आला. मग त्याचं घर ऐकू यायला लागलं. भांड्यात पाणी पडलं. त्याची बायको कुणाला तरी दात घासायला सांगत होती. एक मूल धावत गेलं, काहीतरी पडलं, कुणी रागावलं नाही. रेडिओवर बाजारभाव चालले होते. चमचा कपाला लागला. त्या घरात थोरली आयुष्यात चार वेळा गेली असेल, तीही पाहुणी म्हणून, जेवून निघण्यापुरती. सकाळी ते घर कसं वाजतं, हे तिला माहीत नव्हतं. ती कान लावून ऐकत राहिली.

लांबून खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग मावशीचा.

"फोन कुणाचा चालू आहे तो?"

"थोरली आहे."

"काय म्हणते?"

"काही नाही म्हणत."

खुर्ची सरकल्यासारखं झालं. मावशी उठून फोनजवळ येत होती, एकेक पाऊल टाकत. तिला वेळ लागला. मग अगदी जवळून तिचा श्वास ऐकू आला, आणि ती धाकट्याला म्हणाली, "असू दे. मी बसते इथे. तू ठेवू नकोस."